कंबरदुखी: साधी कोणती आणि डॉक्टरकडे धावायची कोणती?

कैरीपन्हं
नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात शोधलं, पण कंबरदुखीवरचे जुने धागे एकतर तेलांच्या जाहिरातींनी भरलेत, नाहीतर 'मला पण होतं' याच्या पुढे जात नाहीत. म्हणून नवा काढते.

प्रश्न धाकट्या भावासाठी आहे. वय २७, चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत, शिफ्ट ड्युटी. बरेच महिने कंबर दुखतेय. कधी उजवीकडे खाली, कधी डावीकडे. पडला नाही, जड काही उचललं नाही. जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही नाही म्हणाले, तरी 'गादी सरकली असणार' म्हणून पट्टा, गोळ्या आणि पूर्ण विश्रांती. सुट्टी टाकून झोपून राहिला तर जास्तच आखडला. आई म्हणते उसण भरलीय, बाबा म्हणतात मोबाईल, शेजारचे काका म्हणतात मणक्यात गॅप.

साधी कंबरदुखी कुठली आणि गंभीर कुठली हे घरच्या घरी कसं ओळखायचं? एमआरआय सरळ करून टाकावा का? आणि विश्रांती घ्यायची की हालचाल ठेवायची? प्रत्येक जण वेगळं सांगतोय.

टवाळ
काकांना सलाम. आमच्या सोसायटीतही असे एक आहेत, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत समोरच्याच्या मणक्यातला गॅप सांगतात. मशीन नाही, रिपोर्ट नाही, फी नाही. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

ओव्हरटाईम
माझी खरोखरची गादी सरकली होती. सगळ्यात खालची, एल५-एस१. तिची ओळख पटायला वेळ लागत नाही, कारण कंबर कमी आणि पाय जास्त दुखतो. कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून, पोटरीतून, पार करंगळीपर्यंत. खोकला, शिंक, संडासला जोर, तिन्ही वेळी सणक. शिंक येतेय असं वाटलं की आधी भिंत शोधायचो. बसणं सगळ्यात वाईट, उभं राहिलं की जरा बरं. ऑफिसातल्या स्टँडअप मीटिंगला मी एकटाच मनापासून उभा असायचो.

एका ठिकाणी पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख द्यायला निघाले होते. दुसऱ्या सर्जननी पाय उचलून बघितला, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, आणि म्हणाले पायातली ताकद शाबूत आहे, थांबू. कळ हळूहळू पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात आली आणि गेली. तळपायाच्या बाहेरच्या कडेला थोडी बधिरता उरलीय, तिच्याशी जमवून घेतलंय.

भावाला पायात कळ जाते का, हे आधी विचारा.

निर्गुडी
आमच्याकडे कोकणात लावणीच्या दिवसांत अख्खं गाव कंबर धरून असतं. पायाखाली चिखल, डोक्यावर पाऊस, आणि सकाळपासून वाकलेल्या बायका. संध्याकाळी चुलीवर निर्गुडीचा पाला टाकून पाणी उकळायचं, त्याने शेकायचं, वर एरंडाचं पान गरम करून बांधायचं. दुसऱ्या दिवशी परत शेतात. कोणी एमआरआय केला नाही.

आणि उसण म्हणाल तर पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस शोधा. पाठीला पाय लावून घ्या, लगेच सुटते. माझ्या सासूबाईंची सुटलेली मी पाहिलेय.

टवाळ
मी पायाळू आहे. खरंच. लहानपणी आमच्या ओसरीवर सकाळी सकाळी गावातली म्हातारी माणसं पालथी झोपायची आणि मी एकेकाला लाथ घालत शाळेत जायचो. मोबदला म्हणून कधी पेरू, कधी रेवडी. आयुष्यात एवढा मान नंतर कुठल्याच नोकरीत मिळाला नाही.

शंकासुर
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण टवाळ, तुझी लाथ आणि निर्गुडीताईंचा शेक दोन्ही लागू पडायचं कारण एकच आहे. साधी उसण आपली आपण बरी होते. कंबरदुखीच्या बहुतेक रुग्णांत नेमकं काय दुखतंय हे कुठल्याच तपासणीत सापडत नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना सहा आठवड्यांत बराच आराम पडतो. तेवढ्या काळात जो उपाय केला त्याला श्रेय. शेकाने बरं वाटतं यात वाद नाही, स्नायू सैल होतात. लाथेबद्दल मत राखून ठेवतो.

आता एमआरआय. १९९४ साली अमेरिकेत ९८ माणसांचा एमआरआय काढला, ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशांचा. त्यातल्या ५२ टक्क्यांची निदान एक तरी गादी फुगलेली होती. सगळ्या गाद्या धडधाकट असणारे फक्त ३६ टक्के. २०१५ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तर न दुखणाऱ्यांतही विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्यांची झीज दिसते आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. म्हणजे तुमचे शेजारचे काका 'गॅप आहे' म्हणतात तेव्हा ते बहुधा बरोबरच असतात. प्रश्न एवढाच की दुखतंय ते त्या गॅपमुळे का, आणि ते फिल्म सांगत नाही.

गारठलेली_टोरांटोत
शंकासुर +१. इथे बर्फ उपसताना कंबर धरली, डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटं तपासलं, पाय उचलले, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली आणि सांगितलं, एमआरआय नाही, चालत राहा, सहा आठवड्यांनी फोन कर. मी पुण्याची. मला वाटलं टाळतेय. आईने फोनवर तिचा उद्धार केला. पण तोवर खरंच गेली होती.

स्टेअरिंग
नमस्कार. सातारा जिल्हा. उभा जन्म मोठ्या गाड्या चालवण्यात गेला, त्यामुळं कंबर हा आपला जिव्हाळ्याचा विषय.

एक वेगळी गोष्ट सांगतो. खंबाटकी उतरताना कमरेत डाव्या बाजूला, बरगडीखाली, अशी कळ आली की गाडी कडेला घेतली. ड्रायव्हरची कंबर म्हणून आधी काही वाटलं नाही, खाली उतरलो, वाकून बघितलं, बसून बघितलं, रस्त्याच्या कडेला आडवा झालो. कशानंच फरक नाही. कळ पुढं जांघेत उतरली, वांती झाली. क्लीनर म्हणाला, अण्णा हा मूतखडा आहे, माझ्या बापाला अस्संच होतं. तोच निघाला.

तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. कंबर धरली असली तर माणूस एका पोझिशनमध्ये गप पडून राहतो, हलायला भितो. मूतखड्याचा माणूस जागेवर थांबत नाही, तळमळतो.

फिजिओ_मावशी
अण्णांनी पुस्तकातलं लक्षण रस्त्याच्या कडेला बसून सांगितलं. अगदी बरोबर.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट. विश्रांतीबद्दल बोलते, कारण अर्धं नुकसान तिथे होतं. कंबर धरली की पहिला दिवस, फार तर दुसरा, माणूस पडून राहिला तर समजू शकते. त्यापुढे अंथरूण धरलं की स्नायू सुस्तावतात, भीती बसते, आणि उठणं आणखी अवघड होतं. फिनलंडमध्ये १९९५ ला तुलना झाली होती: एका गटाला अंथरुणात विश्रांती, एकाला व्यायाम, एकाला 'झेपेल तशी रोजची कामं चालू ठेव'. तिसरे सगळ्यात लवकर बरे झाले. माझ्याकडे येणाऱ्यांना हे सांगितलं की त्यांना मी निर्दय वाटते.

झोपताना कुशीवर, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. उताणे असाल तर गुडघ्यांखाली उशी. उठताना सरळ उठायचं नाही: आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, आणि हाताच्या कोपराने स्वतःला वर ढकलायचं. एवढ्यानेच सकाळची निम्मी ओरड कमी होते.

ओव्हरटाईम यांनी सांगितलं ना, कळ पोटरीतून वर सरकत गेली, ते फार चांगलं लक्षण. आम्ही त्याचीच वाट बघतो. यामागची गोष्ट मजेदार आहे. न्यूझीलंडमध्ये १९५६ साली रॉबिन मॅकेंझी नावाच्या फिजिओने एका रुग्णाला टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. टेबलाचं डोकं आधीच्या रुग्णासाठी वर उचलून ठेवलेलं होतं. हा गृहस्थ तसाच, कमरेतून मागे वाकलेला, पडून राहिला. मॅकेंझी आले, बघून धास्तावले, तर हा म्हणतो गेल्या कित्येक आठवड्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं, पायातली कळ गेली. त्यावरून पुढे अख्खी व्यायामपद्धत उभी राहिली. भुजंगासनाच्या जवळ जाणारी आहे, पण सगळ्यांना मागे वाकणं चालत नाही. ज्यांना पायी चाललं की पाय भरून येतात आणि पुढे वाकलं की, भाजीची ट्रॉली ढकलताना वगैरे, बरं वाटतं, अशा वयस्क लोकांची मज्जारज्जूची नळी अरुंद झालेली असते. त्यांना मागे वाकवलं तर शिव्या खाव्या लागतात. मी खाल्ल्यात.

ओव्हरटाईम
मावशी, म्हणजे सूर्यनमस्कार घालावेत की नाही?

फिजिओ_मावशी
कळ पायात उतरत असताना नाही. गुडघे ताठ ठेवून पुढे वाकून जमिनीला हात लावण्याचा हट्ट त्या दिवसांत कशाला? बरं झाल्यावर जरूर घाला.

दोन_पिल्लांची_आई
माझा प्रश्न मध्येच टाकते. सिझर झालं तेव्हा मणक्यात इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर दुखते. सासू, आई, कामवाल्या मावशी, सगळ्यांचं यावर एकमत आहे. (या तिघींचं एकमत झालेला हा एकमेव विषय.) हे आयुष्यभर राहणार का?

डॉक_ग्रामीण
मराठवाड्यात प्रॅक्टिस करतो, हा प्रश्न ओपीडीत रोज येतो. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, ते खरं. क्वचित भुलीनंतर डोकं दुखतं, तेही खरं. पण बाळंतपणात एपिड्युरल (मणक्यातलं भुलीचं इंजेक्शन) घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची पुढे तुलना केली तेव्हा दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक दिसला नाही. ज्यांची साधी बाळंतपणं झाली त्याही बायका कंबर धरूनच येतात, फक्त त्यांच्याकडे सांगायला इंजेक्शन नसतं.

नऊ महिने पुढे वाढलेलं वजन, सैल झालेले सांधे, ताणून अशक्त झालेले पोटाचे स्नायू, आणि नंतर मान खाली घालून दिवसरात्र दूध पाजणं, कडेवर पोर. कारणं ही आहेत. पाजताना बाळ उशीने वर आणा, स्वतः खाली वाकू नका. पोटाचे आणि ओटीपोटाचे व्यायाम शिकून घ्या. राहत नाही आयुष्यभर.

आता मूळ प्रश्न. कंबरदुखी साधी नाही हे कशावरून समजायचं, ते लिहितो.

सगळ्यात तातडीची एकच: लघवी तुंबली किंवा कळतच नाही, संडासवरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तो बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद जातेय. यातलं काहीही कंबरदुखीसोबत आलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता का असेना, मोठ्या हॉस्पिटलात. खालच्या नसांचा पुंजका दबलेला असतो, ऑपरेशनला एकेक तास महत्त्वाचा असतो, उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. 'उद्या बघू' म्हणून आलेले पेशंट मी पुढे पाठवलेत, म्हणून जोर देऊन सांगतो.

पाऊल लोळागोळा झालं, चप्पल पायातून निसटते, टाचेवर उभं राहता येत नाही, तर एक-दोन दिवसांत.

आणि आपल्याकडचं विशेष, जे परदेशी माहितीपत्रकात तळाशी असतं: मणक्याचा टीबी. दुखणं हळूहळू वाढतं, संध्याकाळी कणकण, वजन उतरतंय, भूक नाही, आणि मणक्यावर एका ठराविक जागी बोटाने ठोकलं की दुखतं. फुप्फुसाचा टीबी असायलाच हवा असं नाही, खोकला नसतोही. औषध सरकारकडून मोफत मिळतं, पण वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यावं लागतं आणि मध्ये सोडायचं नसतं. असाच संशय पूर्वी कॅन्सर होऊन गेलेल्यांच्या नव्या कंबरदुखीबद्दल घ्यायचा.

शेवंता
डॉक्टर, म्हाताऱ्या बायकांचं राहिलं. माझ्या आईने बादली उचलली, कमरेत कट् झालं. सगळ्यांना वाटलं उसण. पंधरा दिवस तेल चोळलं. शेवटी एक्स-रेत मणका चेपलेला दिसला, हाडं ठिसूळ. मग लक्षात आलं की तिचे ब्लाउज पुढून लांब व्हायला लागले होते, पाठीत पोक येत होतं, उंची कमी झाली होती. आम्ही म्हणत होतो वय झालं.

डॉक_ग्रामीण
शेवंताताई, धन्यवाद, सुटलंच होतं. पाळी गेलेली बाई, किंवा दम्यासाठी, सांध्यांसाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलेलं कोणीही, आणि अचानक कंबरेत कळ, तर चोळायचं नाही. एक्स-रे. या बाबतीत सहा आठवडे थांबण्याचा नियम लागू नाही.

तेलसम्राट
शंभर टक्के नैसर्गिक तेल, तीन दिवसांत कंबरदुखी मुळापासून

प्रशासक
वरच्या सदस्याचा उरलेला मजकूर आणि नंबर काढला आहे. सदस्यालाही.

स्टेअरिंग
पट्ट्याबद्दल कोणी बोलंना. आम्ही ड्रायव्हर लोक पट्टा बांधूनच गाडीवर बसतो. मावशी काय म्हणतात?

शंकासुर
मावशींच्या आधी मी. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन काढलं. त्यात व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणं, मालिश, काही प्रमाणात सूज उतरवणाऱ्या गोळ्या हे 'करा' मध्ये आहे. आणि पट्टे, वजन लावून ताणणं, अफूवर्गीय वेदनाशामकं हे 'नेहमीच्या उपचारात नको' मध्ये. आपल्याकडे मात्र पट्टा न घेता दवाखान्यातून बाहेर पडलेला माणूस मी पाहिला नाही.

फिजिओ_मावशी
शंकासुरांचं बरोबर, तरी अण्णांचा पट्टा मी काढून घेणार नाही. लांबच्या खेपेला, खराब रस्त्याला, तीव्र दुखणं असताना काही दिवस, आधार म्हणून ठीक. झोपतानासुद्धा बांधणारे असतात, त्यांच्यावर माझा राग. अण्णा, पट्ट्यापेक्षा एक करा: सीट एवढं पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबताना कंबर सीटवरून सुटणार नाही. आणि उतरल्या उतरल्या लगेच पोती उचलू नका, आधी पाच मिनिटं चाला.

स्टेअरिंग
पोती उचलत नाही आता, नातू उचलतो. सीटचं करून बघतो.

ओव्हरटाईम
गादीबद्दल (झोपायची) सांगा. सगळे म्हणतात कडक गादी, नाहीतर फळी. मी एक महागडी 'ऑर्थो' गादी घेतली, दगडासारखी आहे.

निर्गुडी
जमीन आणि सतरंजी. विषय संपला.

शंकासुर
विषय स्पेनमध्ये संपलाय. २००३ साली ३१३ जुनाट कंबरदुखीवाल्यांना काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या. मध्यमवाल्यांना जास्त आराम. 'ऑर्थो' हा शब्द छापायला कोणाची परवानगी लागत नाही.

निर्गुडी
स्पॅनिश लोकांनी आमची सतरंजी कुठे बघितलीय?

चष्मेबद्दूर_पक्षी
अवांतर: गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर एक. आपण कंबर दुखली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणतो. हेच औषध गुरांना द्यायचे. ती गुरं मेली की गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. भारतातल्या तीन जातींची गिधाडं यामुळे नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाली. २००६ मध्ये गुरांसाठी बंदी आली. आम्ही रायगडात गिधाडं बघायला जातो तेव्हा कोणीतरी हमखास कंबर धरून तीच गोळी मागतो.

टवाळ
धागा भरकटून त्याचं काश्मीर होण्यापूर्वी विचारतो: म्हणजे कंबरदुखीवाला माणूस गिधाडाने खाऊ नये, असं का?

डॉक_ग्रामीण
अवांतर म्हणालात तरी मुद्द्याचं आहे. माणसाचंही मूत्रपिंड याच वर्गातल्या गोळ्यांनी बिघडतं. ब्लडप्रेशर, मधुमेह, किडनीचा त्रास, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारं औषध चालू, अशांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये. आणि 'साधी' म्हणून पॅरासिटामॉल घ्यावी तर २०१४ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत तीव्र कंबरदुखीत ती साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

शंकासुर
ऑस्ट्रेलियाचंच ताजं: २०२४. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले ७०१ जण. अर्ध्यांना चालण्याचा कार्यक्रम दिला, फिजिओच्या देखरेखीत, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास. दुखणं परत येईपर्यंतचा मधला काळ चालणाऱ्यांत २०८ दिवस, न चालणाऱ्यांत ११२. बूट सोडून काही खर्च नाही.

शेवंता
माझी आत्या वारीला जाते. तिची कंबर आळंदी ते पंढरपूर दुखत नाही. घरी आल्यावर दुखते, धुणं बघून.

अबोली_बी२७
नेहमी फक्त वाचते, आज खास लिहायला लॉगिन केलं. कैरीपन्हं, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये एक वाक्य लिहिलंय आणि सगळे त्यावरून पुढे गेले: 'झोपून राहिला तर जास्तच आखडला'. आणि 'कधी उजवीकडे, कधी डावीकडे'. आणि वय २७.

भावाला विचारून इथे सांगा. सकाळी उठल्यावर किती वेळ कंबर आखडलेली असते? हालचाल केली की मोकळी होते का? पहाटे तीन-चारला दुखून जाग येते का, आणि उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटतं का? टाचा दुखतात का? कधी एक डोळा लाल होऊन, दुखून, उजेड सहन होत नव्हता असं झालंय का? घरात कोणाला सोरायसिस, आतड्यांचा जुनाट आजार?

कैरीपन्हं
बापरे. आत्ता फोन केला. सकाळी तास तरी आखडतं, आंघोळीला वाकता येत नाही, कंपनीत दोन तास फिरला की ठीक. पहाटे उठून गॅलरीत फेऱ्या मारतो, आईला वाटायचं टेन्शन आहे. टाच दुखते, ती सेफ्टी शूजमुळे असं तो धरून चालला होता. आणि डोळा: मागच्या दिवाळीत एक डोळा लालबुंद, 'डोळे आले' म्हणून थेंब घातले. तुम्हाला हे कसं कळलं?

अबोली_बी२७
मला सात वर्षं कोणी विचारलं नाही म्हणून.

मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. पण ही यांत्रिक कंबरदुखी वाटत नाही, सूज असलेली वाटते. मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे. शरीराचीच संरक्षणयंत्रणा मणका आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांवर उलटते. बहुतेकांना पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो, हळूहळू. विश्रांतीने वाढतो, हालचालीने कमी होतो; साधी कंबरदुखी पडल्यावर तेवढ्यापुरती तरी कमी होते. मुलींना होत नाही असं मला एका ठिकाणी तोंडावर सांगितलं होतं.

हाडांच्या नाही, संधिवाततज्ज्ञांकडे न्या. पहिल्या काही वर्षांत एक्स-रे साफ असू शकतो, त्यावर समाधान मानू नका. आणि एमआरआय सांगितला तर चिठ्ठीवर कुठला हे बघा. नुसता कमरेच्या मणक्यांचा काढला तर ते सांधे नीट येत नाहीत, सॅक्रोइलिअक सांध्यांचा हवा. माझा पहिला एमआरआय याच कारणाने वाया गेला.

डॉक_ग्रामीण
अबोलीताईंना पूर्ण अनुमोदन. एचएलए-बी२७ या आनुवंशिक घटकाची रक्ततपासणीही सांगतील. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही, तो घटक असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. आणि निगेटिव्ह आली म्हणून सुटका नाही. लक्षणं, रक्त, एमआरआय एकत्र बघून ठरतं. डोळ्याचा तो प्रसंग तज्ज्ञांना आवर्जून सांगा, बहुधा आतल्या पडद्याची सूज होती.

फिजिओ_मावशी
असा पेशंट माझ्याकडे 'गादी' म्हणूनच येतो. सकाळचा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. अर्ध्या तासाच्या वर आखडत असेल तर मशीन लावण्याआधी परत पाठवते.

कैरीपन्हं
मंडळी, बऱ्याच दिवसांनी येतेय. पुण्यात संधिवाततज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी टेपने छाती मोजली, श्वास घेऊन आणि सोडून, मग भिंतीला टाचा आणि पाठ लावून डोकं टेकतं का बघितलं. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या सांध्यांना सूज, बी२७ पॉझिटिव्ह. अबोली, तुमचंच बरोबर निघालं. लवकर सापडलं म्हणाले, मणके जुळलेले नाहीत. सध्या गोळ्या नियमाने आणि रोज व्यायाम, त्याला पोहायला सांगितलंय. सिगारेट बंद, त्यावर तो सर्वांत जास्त रडतोय. पुढे लागलं तर बायोलॉजिक इंजेक्शनं, त्याआधी टीबीची तपासणी करावी लागेल म्हणाले, ते का?

आणि रात्रपाळीचं काय करायचं? बाबांना अजून वाटतं की नोकरी सोडून घरी झोपला तर बरा होईल.

डॉक_ग्रामीण
ती इंजेक्शनं सूज उतरवतात, पण शरीराची प्रतिकारशक्तीही थोडी खाली आणतात. आपल्याकडे अनेकांच्या शरीरात टीबीचे जंतू गप्प पडून असतात, ते अशा वेळी जागे होऊ शकतात. म्हणून आधी तपासतात, सापडला तर आधी त्याचं औषध.

अबोली_बी२७
नोकरी सोडायला लावू नका. त्याचं काम फिरतीचं आहे, ते त्याच्या पथ्यावरच पडतंय. रात्रपाळीत बसून राहायची वेळ आली तर थोड्या थोड्या वेळाने उठायचं. शिफ्ट कुठलीही असो, झोपेतून उठला की आधी गरम पाण्याने आंघोळ, लगेच व्यायाम, त्यात छाती भरून श्वास घेण्याचा जरूर. उशी पातळ. रोज थोडा वेळ पालथं झोपायचं. बाबांना पुढच्या भेटीला सोबत न्या, माझ्या बाबांना माझं कधी पटलं नाही, डॉक्टरांचं एका वाक्यात पटलं.

आणि डोळा परत लाल झाला, दुखला, उजेड खुपला, तर मेडिकलमधून थेंब आणायचे नाहीत. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि गेल्यावर आधी आजाराचं नाव सांगायचं.

टवाळ
कैरीपन्हं, भावाला शुभेच्छा. सिगारेटसाठी पायाळू लाथ मोफत देण्यात येईल.